दोरा सांभाळा, मजुरी वाचवा
भरतकाम करणारे कारागीर आणि व्यापारी यांच्यासाठी काही उपयुक्त सूचना

जरदोजी, आरीकाम, हातभरत आणि मशीनवरील एम्ब्रॉयडरी या कामांवर आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांचा उदरनिर्वाह चालतो. मुंबईत धारावी, गोवंडी, कुर्ला अशा वस्त्यांतील लहान-मोठ्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून आलेले कारागीर अड्ड्यावर बसून काम करतात. टिकल्या, मोती आणि बॉर्डरचे काम नगावर घेऊन अनेक भगिनी घरबसल्या संसाराला हातभार लावतात. रमजानच्या आधी आणि लग्नसराईत तर मान वर करायला फुरसत नसते.

या धंद्यात बहुतेकांची मजुरी नगावर असते. दोरा तुटला, गुंतला, त्याची चमक गेली म्हणून दहा टाके उसवून पुन्हा घालावे लागले, तर त्या वेळेचा मोबदला कोणी देत नाही. माल देताना व्यापारी भाव ठरवतो तो नगाचा. वाया गेलेला वेळ कारागिराच्या खात्यावर जातो आणि वाया गेलेला दोरा बहुधा मालकाच्या. दोघांचेही नुकसान होते, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब जुळला नाही की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. हे नुकसान पुष्कळ अंशी टाळता येते. त्यासाठी भांडवल लागत नाही, काही साध्या सवयी लागतात. जुने उस्ताद या सवयी शागीर्दाला पहिल्याच वर्षी लावीत. आज घाईच्या कामात त्या मागे पडल्या आहेत, म्हणून त्या येथे एकत्र देत आहोत.

आधी दोरा ओळखा

बाजारात "सिल्क" या एकाच नावाखाली तीन-चार प्रकारचे दोरे मिळतात. ज्या उपायाने एक दोरा सरळ होतो, त्याच उपायाने दुसरा खराब होतो. म्हणून आधी ओळख हवी. दोन इंच दोरा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती आणि रेयॉनचा दोरा कागदासारखा भरकन जळतो, कागद जळल्यासारखाच वास येतो आणि हलकी राख उरते. खरे रेशीम हळू जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि टोकाला राहिलेली काळी गाठ बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर आधी वितळते आणि त्याचा कठीण मणी बनतो, तो चुरडत नाही.

या दोऱ्यांचा पाण्याशी असलेला संबंध लक्षात ठेवावा. सुती दोरा ओला झाला की थोडा अधिक मजबूत होतो. रेयॉन मात्र लाकडाच्या लगद्यापासून बनते आणि ओले असताना त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. रेशीमही ओले असताना थोडे कमजोर पडते. पॉलिस्टरला पाण्याने फरक पडत नाही.

लच्छी कशी उघडावी

नव्या लच्छीचा कागदी पट्टा घाईने फाडून दोरा ओढला की गुंता ठरलेलाच. पट्टा तसाच ठेवून मोकळे टोक शोधावे आणि हळू ओढावे. अडले तर जोर करू नये, दुसरे टोक पाहावे. मोठी आटी असेल तर तिला दोन्ही हातांत धरून दोन-तीन हलके झटके द्यावेत म्हणजे फेरे सुटे होतात. मग ती खुर्चीच्या पाठीवर किंवा दुसऱ्या माणसाच्या दोन्ही हातांवर ताणून रिळावर गुंडाळावी. आटीला बांधलेले आडवे धागे ती अशी ताणून बसवण्याआधी कापू नयेत. ते धागेच फेरे जागेवर ठेवतात.

हातभरताची सुती लच्छी सहसा सहा पदरी आणि ८ मीटरची असते. दोन किंवा तीन पदर हवे असतील तर ते एकदम ओढू नयेत. सहाही पदर एका हाताच्या चिमटीत धरावेत, दुसऱ्या हाताने एकच पदर सरळ वर ओढून काढावा. बाकीचे पाच खाली गोळा होतात आणि तो पदर निघाला की आपोआप सरळ होतात. असे एकेक करून हवे तितके पदर काढावेत आणि मग शेजारी-शेजारी ठेवून सुईत ओवावेत. जुना पीळ निघून गेल्यामुळे दोरा कापडावर पसरून बसतो, भराव जास्त दिसतो आणि कमी टाक्यांत जागा भरते.

लांब दोरा म्हणजे जास्त काम नव्हे

सुई पुन्हा पुन्हा ओवावी लागू नये म्हणून अनेकजण हात-दीड हाताहूनही लांब दोरा घेतात. हा हिशेब उलटा पडतो. समजा, ५ मिलिमीटरचा भरीव टाका आहे. पुढून ५ आणि मागून ५ मिलिमीटर मिळून एका टाक्याला सुमारे १ सेंटिमीटर दोरा लागतो आणि तेवढ्यात तो दोनदा कापडातून जातो. ९० सेंटिमीटर दोरा घेतला तर त्याचा शेवटचा भाग टाक्यात बसेपर्यंत दीडशेहून अधिक वेळा कापडात घासला गेलेला असतो. ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट घेतला, तर हे घासणे निम्म्यावर येते. लांब दोऱ्याचे पहिले टाके चमकतात आणि शेवटचे मंद दिसतात, त्याचे कारण हेच आहे. गिऱ्हाईक हा फरक एका नजरेत ओळखते.

सुती आणि रेयॉनसाठी दीड फूट ठीक. सुईने कापडातून ओढायची जर असेल तर एका फुटापेक्षा जास्त घेऊ नये. सुईचे नेढे दोऱ्याच्या मानाने लहान असेल तर तेही दोरा खाते. दोरा नेढ्यातून सहज सरकला पाहिजे.

काम करताना बोटांत सुई फिरत राहते आणि दोऱ्याला जास्तीचा पीळ चढतो. पीळ चढला की दोरा स्वतःभोवती वळून गाठ पडते. दर आठ-दहा टाक्यांनंतर सुई सोडून दोऱ्याला लोंबकळू द्यावे. ती गरगर फिरून आपोआप थांबते आणि पीळ उतरतो. यात पाच सेकंद जातात. गाठ सोडवण्यात पाच मिनिटे जातात.

वाकडा दोरा सरळ कसा करावा

पट्ट्यात दाबून राहिलेला किंवा उसवलेला दोरा नागमोडी होतो. सुती दोऱ्यासाठी उपाय सोपा आहे. स्वच्छ स्पंज किंवा कापडाची घडी पाण्यात बुडवून घट्ट पिळावी आणि दोरा तिच्यावरून एकदा ओढावा. मग तो टांगून पूर्ण वाळू द्यावा. ओल्या दोऱ्याने काम करू नये, तो वाळताना आखडतो आणि कापडाला सुरकुती पडते.

रेयॉनला याहूनही कमी ओलावा द्यावा आणि ओले असताना ओढून ताणू नये. नुसते टांगून ठेवले तरी ते आपल्या वजनाने सरळ होते. अस्सल रेशमाला पाणी लावण्याच्या फंदात पडू नये, त्यावर डाग राहण्याची भीती असते. ते दोन बोटांच्या मध्ये हळुवार ओढून सरळ करावे.

येथे हातांचाही विचार केला पाहिजे. खरखरीत बोटांवर रेशमाचे तंतू अडकतात आणि दोऱ्याला लव फुटते. कामाला बसण्यापूर्वी चमचाभर साखर आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब हातांवर चोळावेत, नंतर साबणाने स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. तेलाचा अंशही राहता कामा नये. नखांच्या कडा घासून गुळगुळीत ठेवाव्यात.

मेण केव्हा लावावे, केव्हा लावू नये

दबका, सलमा, टिकल्या आणि मोती टाकताना आतून जो सुती दोरा जातो, त्याला मधमाशीचे मेण लावण्याची पद्धत जुनी आहे आणि योग्यही आहे. दबक्याच्या तारेची कड धारदार असते. मेणामुळे दोऱ्याचे तंतू एकत्र राहतात, तो लवकर कापला जात नाही आणि गुंतत नाही. दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढावा, मग दोन बोटांतून जोराने ओढून जास्तीचे मेण काढावे. मेणाचे कण दोऱ्यावर दिसू नयेत.

तीन गोष्टी मात्र पाळाव्यात. पहिली, जो दोरा वरून दिसणार आहे त्याला मेण लावू नये. त्याची चमक जाते आणि धूळ चिकटते. दुसरी, मेणबत्तीचे मेण वापरू नये. ते ठिसूळ असते, त्याचे पांढरे कण गळतात आणि कापडाला डाग पडतात. तिसरी, पांढऱ्या आणि काळ्या दोऱ्याला वेगवेगळ्या वड्या ठेवाव्यात, नाहीतर काळ्याचा रंग पांढऱ्यावर येतो. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सियसला वितळते आणि इस्त्री त्याहून कितीतरी गरम असते. पातळ रेशमी कापडावर मेणाचा दोरा जास्त झाला तर इस्त्रीनंतर तेलकट डाग उमटतो, हे विसरू नये.

जर आणि कसब

खऱ्या जरीत चांदीची तार असते, नकली जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा थर असतो आणि तिसऱ्या प्रकारात पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर धातूचा थर दिलेला असतो. पहिल्या दोन प्रकारांना घाम आणि दमट हवा काळे करते, तिसऱ्याला गरम इस्त्री आखडून टाकते. ज्याच्या हाताला जास्त घाम येतो त्याने कोरडे फडके मांडीवर ठेवावे.

कसब कापले की टोकाशी वरची तार उलगडते आणि आतले सूत बाहेर येते. कापण्याआधीच त्या जागी गोंदाचा किंवा बिनरंगी नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यावा आणि वाळल्यावर कापावे. जरीचे रीळ उभे ठेवून वरून दोरा ओढला तर प्रत्येक फेऱ्याला एक पीळ चढतो. रीळ आडवे ठेवून ते फिरू दिले तर असा पीळ चढत नाही. चपट्या बादल्याला तर आडव्या रिळाशिवाय इलाजच नाही.

जरीला रबरबँड लावू नये. रबरात गंधक असते आणि गंधकाने चांदी व तांबे काळे पडतात. रबरबँडची रेघ जशीच्या तशी जरीवर उमटलेली अनेकांनी पाहिली असेल. वर्तमानपत्राच्या कागदाची शाई लागते, म्हणून धुतलेले पांढरे मलमल वापरावे.

आरीचे टोक तपासा

आरीकामात दोरा खाली डाव्या हातात असतो आणि आरीच्या आकड्याने तो वर येतो. दोरा वारंवार चिरत असेल तर दोऱ्याला दोष देण्याआधी आकडा पाहावा. आरीचे टोक कापसाच्या बोळ्यातून हळूच ओढावे. कापसाचे तंतू अडकून आले तर आकड्यावर बारीक खरखर आहे असे समजावे. अगदी बारीक पॉलिश पेपरने तेवढीच जागा घासावी आणि पुन्हा कापसाने तपासावे. डाव्या हाताने दोरा एकसारखा सैल देत राहावा. दोरा ताणून धरला की साखळी आखडते आणि अड्ड्यावरून कापड उतरल्यावर चुण्या दिसतात.

मशीनवर काम करणाऱ्यांसाठी

मशीनमध्ये दोऱ्याचा एकेक भाग टाक्यात बसण्यापूर्वी सुईच्या नेढ्यातून तीस-चाळीस वेळा तरी मागे-पुढे होतो. म्हणून सुई खराब असेल तर उत्तम दोराही टिकत नाही. ४० नंबरच्या रेयॉनला ११ नंबरची सुई चालते, जरीच्या दोऱ्याला १४ नंबरची, मोठ्या नेढ्याची लागते. जर लावली की मशीनचा वेग आणि वरचा ताण दोन्ही कमी करावेत आणि कोन मशीनपासून थोडा दूर ठेवावा, म्हणजे सुईपर्यंत येताना पीळ मोकळा होतो. गुळगुळीत दोरा कोनवरून घसरून तळाशी साचत असेल तर कोनवर जाळी चढवावी.

ताण बरोबर आहे की नाही हे कापड उलटे करून पाहावे. भरीव पट्टीच्या मागे मधोमध एक तृतीयांश भागात बॉबिनचा दोरा आणि दोन्ही बाजूंना वरचा रंगीत दोरा दिसला पाहिजे.

कॉम्प्युटर मशीनवर एका हेडचा दोरा तुटला की सगळी हेड थांबतात. वीस हेडच्या मशीनवर दोरा जोडायला २ मिनिटे लागली तर प्रत्यक्षात ४० मिनिटांचे काम थांबते. दिवसात असे पंधरा वेळा झाले तर ६०० मिनिटे, म्हणजे एका हेडचे पूर्ण दहा तासांचे काम गेले. स्वस्तातला दोरा घेऊन वाचवलेले पैसे असे दुपटीने जातात. जुन्या कोनचा हातभर दोरा दोन्ही हातांनी ताणून पाहावा. सहज तुटला तर तो मशीनवर चढवूच नये.

रंगाची परीक्षा आधी घ्या

काही वर्षांपूर्वी आमच्या माहितीतील एका कारखान्यात मोतिया रंगाच्या ओढण्यांवर मरून रेयॉनचे काम झाले. काम सुरेख होते. शेवटी वाफेची इस्त्री फिरवली आणि प्रत्येक बुट्टीभोवती गुलाबी छटा पसरली. सगळा माल परत आला आणि आठवडाभर राबलेल्या कारागिरांची मजुरी अडकून पडली. सहा इंच दोऱ्याची परीक्षा घेतली असती तर हे टळले असते.

लाल, मरून, काळा आणि गडद निळा या रंगांचा सहा इंच दोरा कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवावा, मग पांढऱ्या ओल्या कापडाच्या घडीत ठेवून इस्त्री फिरवावी. कापडाला रंग लागला तर तो दोरा फिक्या कापडावर वापरू नये. मीठ किंवा व्हिनेगरमध्ये भिजवले की कच्चा रंग पक्का होतो असा समज आहे. सुती आणि रेयॉनच्या बाबतीत त्यावर विसंबून राहू नये.

रंगाचा नंबर एक असला तरी लॉट बदलला की छटेत फरक पडतो. व्यापारी बंधूंनी एका ऑर्डरचा सगळा दोरा एकदम आणि एकाच लॉटचा द्यावा. कारागिराने रिकाम्या रिळावरची चिठ्ठी काम पुरे होईपर्यंत फेकू नये.

वजनाचा हिशेब आणि विश्वास

अनेक ठिकाणी दोरा आणि जर तोलून दिली जाते आणि उरलेला माल तोलून परत घेतला जातो. येथेच तंटे होतात. रेयॉन हवेतील ओलावा भरपूर शोषून घेते. साधारण हवेत त्यात ११ ते १३ टक्क्यांपर्यंत ओलावा असतो आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. त्यामुळे कोरड्या हवेत दिलेला आणि पावसाळ्यात परत आलेला माल यांच्या वजनात किलोमागे वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. दोरा पावसाळ्यात देऊन हिवाळ्यात परत घेतला तर कारागिराने दोरा ठेवून घेतला असे वाटते, आणि त्याने तर एक सूतही घेतलेले नसते. व्यवहारात माप-तोल चोख असावे हे आपण जाणतोच. दोऱ्याच्या बाबतीत चोख तोल म्हणजे हवेचा फरक लक्षात घेऊन केलेला तोल.

त्यासाठी लांबीचा हिशेब ठेवणे बरे. ९,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. मशीनचा ४० नंबरचा रेयॉन दोरा १२० डेनियर दोन पदरी, म्हणजे २४० डेनियर असतो. त्याचे ९,००० मीटर २४० ग्रॅम भरतात, म्हणजे १ ग्रॅममध्ये साडेसदतीस मीटर. कोनचे वजन वजा जाता ६० ग्रॅम दोरा उरला असेल तर तो सुमारे २,२५० मीटर आहे. हजार टाक्यांना वरचा दोरा साधारण ५ मीटर लागतो असे धरले, टाक्याच्या लांबीप्रमाणे तो कमी-जास्त होतो, तर दहा हजार टाक्यांच्या डिझाइनला ५० मीटर लागेल आणि तेवढ्या दोऱ्यात एका हेडवर सुमारे ४५ नग निघतील. ऑर्डर पुरी होईल की मध्येच दोरा संपेल, हे अशा रीतीने आधीच कळते.

माल देताना एका चिठ्ठीवर तारीख, रंगाचा नंबर, लॉट आणि रिकाम्या कोनसह व कोनशिवाय वजन लिहावे. तिच्या दोन प्रती करून एक व्यापाऱ्याने आणि एक कारागिराने ठेवावी. गुंता, तुटणे आणि उसवणे यासाठी किती घट मान्य आहे हेही तिच्यावरच आधी लिहून घ्यावे. घरी काम करणाऱ्या भगिनींनी तर ही चिठ्ठी आग्रहाने मागावी. मजुरी कापली जाते तेव्हा बोलण्यासाठी त्यांच्या हाती दुसरे काही नसते.

दोरा कोरड्या, बंद डब्यात आणि उन्हापासून दूर ठेवावा. उन्हाने रंगही उडतो आणि दोराही कमजोर होतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रोज संध्याकाळी उरलेले दोरे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून त्यावर नंबर लिहिण्यास दहा मिनिटे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर गुंता सोडवत बसत नाही, थेट पहिला टाका घालतो. नगावरची मजुरी तेथूनच सुरू होते.